उतरायचे कुठे? : नांदेड-लातूरकडून पाहिलेला खोलीचा इतिहास

मराठी माणूस हॉटेलात जेवतो आणि लॉजवर झोपतो. ज्या इंग्रजी शब्दाचा मूळ भर मुक्कामाच्या सोयीवर आहे, तो शब्द आपल्याकडे आला आणि चहा-भज्यांच्या दुकानाला चिकटला. नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईपाशी आजही एखाद्या वडीलधाऱ्याला ‘जवळपास चांगले हॉटेल कुठे आहे?’ असे विचारले, तर तो बहुधा जेवणाची जागा दाखवील. झोपण्याची जागा हवी असेल तर ‘उतरायचे कुठे?’ असे विचारावे लागते. बैलगाडीतून, घोड्यावरून किंवा आगगाडीतून खाली येण्याची क्रिया आणि परगावी मुक्काम करण्याची क्रिया, या दोन्हींना मराठीने एकच क्रियापद दिले आहे. ‘तुम्ही कुणाकडे उतरलात?’ या नेहमीच्या वाक्यातले ‘कुणाकडे’ हे रूप मात्र अधिक लक्ष देण्याजोगे आहे. उतरायचे ते कुणाकडे तरी, म्हणजे एखाद्या माणसाकडे, हे त्या वाक्याने गृहीतच धरले आहे.

पैसे मोजून, कुणाचीही ओळख नसताना, एका रात्रीपुरती खोली मिळणे ही गोष्ट आज इतकी साधी वाटते की तिला इतिहास असेल असे सहसा मनात येत नाही. मराठवाड्यापुरते पाहिले तर हा इतिहास शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे, आणि तो सोयींच्या वाढीपुरता मर्यादित नाही. खोली देणारा समोरच्याला आधी काय विचारतो आणि त्या उत्तरावर काय अवलंबून असते, याचाही तो इतिहास आहे. प्रस्तुत लेखात त्याचे काही टप्पे मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

खोली नव्हती तेव्हाची व्यवस्था आधी पाहिली पाहिजे. खेड्यातला माणूस तालुक्याला किंवा बाजारपेठेला जाई तो कामासाठी. कोर्टाची तारीख, माल विकणे, लग्नाचा बस्ता, नाहीतर यात्रा. लातूरच्या गंजात माल घेऊन आलेला शेतकरी आडत्याकडे गाडी सोडी. मापे होऊन पट्टी हातात पडेपर्यंत त्याच आडतीच्या ओट्यावर अंथरूण टाकी आणि बैल तिथेच समोर बांधी. या मुक्कामाचे भाडे कुणी घेत नसे, पण तो फुकटही नसे. आडत्याची उचल अंगावर असे, आणि ज्याच्या ओट्यावर झोपलो त्यालाच माल घालण्याचे बंधन असे. नातेवाईक, सोयरे, गावचा शहरात गेलेला कुणी वकील किंवा मास्तर, देवळाची ओवरी, मठ, दर्ग्याचे आवार ही बाकीची ठिकाणे. हे सारे परस्परांच्या ओळखीवर चाले. त्या जिव्हाळ्याविषयी आपल्याकडे भरपूर स्मरणरंजन लिहिले गेले आहे आणि त्यातले बरेचसे खरेही आहे. परंतु शहरात ज्याचा सोयरा नाही, ज्याच्या जातीचा वकील नाही, ज्याला देवळाच्या ओवरीत पाऊल ठेवता येत नाही, तो कुठे उतरत होता, हा प्रश्न त्या लेखनात फारसा येत नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाला परगावीही गावकुसाबाहेरच आपली वस्ती शोधावी लागे. ओळखीवर चालणाऱ्या व्यवस्थेत ओळख म्हणजे अखेर जात, असा तिचा व्यवहार होता.

या व्यवस्थेला पहिला धक्का दिला तो रेल्वेने. १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची मीटरगेज लाइन मनमाडपासून हैदराबादेपर्यंत पुरी झाली आणि नांदेड तिच्यावरचे एक महत्त्वाचे स्थानक झाले. लातूरला बार्शी लाइट रेल्वे १९११ साली पोचली. अडीच फुटी रुळांवरून चालणाऱ्या या गाडीने लातूरची पेठ कुर्डुवाडीमार्गे मुंबईच्या बाजाराला जोडली. १९१७ साली लातुरात गंजगोलाईची गोलाकार दुमजली इमारत उभी राहिली. मध्ये देवीचे मंदिर, भोवती दुकाने, आणि तिथून फुटणारे सोळा रस्ते. रेल्वेने माल आणला तसा अनोळखी माणूसही आणला. ज्याला गावात कुणीच ओळखत नाही असा कापसाचा दलाल, विमा एजंट, नाटक कंपनीचा व्यवस्थापक, औषधांचा फिरता विक्रेता रात्रीच्या गाडीने उतरू लागला. हा माणूस ‘कुणाकडे’ उतरणार?

त्यासाठी त्या काळी जे शब्द होते त्यांच्यात निजामी राज्याची बहुभाषिकता दिसते. स्थानकावरच्या तिसऱ्या वर्गाच्या उतारूंसाठी मुसाफिरखाना; मोठ्या शहरात सराई, जसे हैदराबादला नामपल्ली स्थानकाजवळ सातव्या निजामाच्या काळात बांधलेली; दौऱ्यावरच्या अंमलदारासाठी डाक बंगला; आणि पुण्यसंचयासाठी सावकारांनी बांधलेली धर्मशाळा. यांतल्या डाक बंगल्याचे दार हुद्दा पाहून उघडे. धर्मशाळेचे दार तत्त्वतः सर्वांना खुले असे. तथापि, बांधणाऱ्याचा धर्म आणि बांधणाऱ्याची जात त्या ‘सर्वां’ची व्याख्या करीत असत. अमुक समाजाची धर्मशाळा, तमुक ज्ञातीची वाडी, हे नामफलक आजही आपल्या शहरांत दिसतात. तो त्याच व्याख्येचा अवशेष आहे.

याचा सर्वांत बोलका पुरावा मराठवाड्याच्या शेजारी, पंढरपुरात सापडतो. दर आषाढीला मराठवाड्यातून हजारो वारकरी तिथे जात, आणि वारीत सारे समान अशी आपली परंपरा सांगते. तरीही गाडगेबाबांना तिथे चोखामेळ्याच्या नावाने अस्पृश्य यात्रेकरूंसाठी वेगळी धर्मशाळा उभारावी लागली. जिथे एक धर्मशाळा वेगळी बांधावी लागते, तिथे बाकीच्या कुणासाठी होत्या हे वेगळे सांगण्याची गरज उरत नाही. पुढे १९४९ साली बाबांनी ही वास्तू डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला विद्यार्थी वसतिगृहासाठी देऊन टाकली. यात्रेकरूच्या निवाऱ्याचे शिकणाऱ्या मुलाच्या निवाऱ्यात झालेले हे रूपांतर पुढच्या मराठवाड्याच्या दृष्टीने फार अर्थपूर्ण आहे.

आता पैसे देऊन मिळणाऱ्या खोलीकडे वळू. पैशाला जात नसते असे म्हणतात. नाते, हुद्दा आणि ज्ञाती यांपैकी काहीच नसलेल्या माणसाला पैशाने तरी छप्पर मिळावे, हे भाड्याच्या खोलीचे आश्वासन. या आश्वासनाची सर्वांत कठोर परीक्षा ज्या प्रसंगात झाली तो मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या इंग्रजी आत्मकथनपर टिपणांत डॉ. आंबेडकरांनी १९१७ सालचे बडोदे वर्णिले आहे. गंजगोलाई उभी राहिली तेच हे वर्ष. कोलंबिया आणि लंडन येथे शिकून आलेला हा तरुण बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला निघाला, तेव्हा त्याच्यापुढचा पहिला प्रश्न उतरायचे कुठे हाच होता. हिंदूंच्या खानावळवजा ‘विशीं’त प्रवेश मिळणार नाही हे त्याला ठाऊक होते. खोटे नाव सांगून जाणे शक्य होते, पण ते उघडकीला आले तर काय होईल याची धास्ती होती. अखेर तो पारशी धर्मशाळेत गेला. तिथल्या रखवालदाराने तो पारशी नाही हे ओळखले. पण गिऱ्हाईक नसल्याने त्याचीही अडचण होती, आणि वहीत पारशी नाव लिहायचे या अटीवर दररोज दीड रुपयाने खोली मिळाली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव दाराशी आला आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याची तंबी देऊन गेला. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र यांच्याकडे विचारणा झाली. दोघांनीही सभ्य शब्दांत असमर्थता कळवली. सार्वजनिक बागेत काही तास काढून रात्रीच्या गाडीने तो मुंबईला परतला.

हा प्रसंग आपण बहुधा अपमानाची कथा म्हणून शिकवतो. मुक्कामाच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यात आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे वही. माणूस, पैसा आणि रिकामी खोली या तिन्ही गोष्टी तिथे हजर होत्या, आणि तरीही व्यवहार होण्यासाठी चौथी गोष्ट लागली. वहीत लिहिता येईल असे नाव. पैशाने खोली मिळाली खरी, पण ती दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर. त्याच टिपणांत १९३४ चा दौलताबादचा प्रसंगही आहे. तो थेट मराठवाड्यातला, निजामी हद्दीतला. किल्ला पाहायला गेलेल्या मंडळींनी टाक्यातल्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून तिथे गहजब झाला. एका प्रसंगी खोली, दुसऱ्या प्रसंगी पाणी. प्रवासी माणसाच्या या दोन किमान गरजा आहेत, आणि आपल्याच देशात हिंडायला परवाना लागावा हा त्या शीर्षकाचा रोख त्यातून स्पष्ट होतो.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, आणि २६ जानेवारी १९५० पासून भारताची राज्यघटना मराठवाड्यालाही लागू झाली. तिच्या १५ व्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे आणि करमणुकीची ठिकाणे यांच्या जोडीने ‘हॉटेल्स’ हा शब्द येतो. या ठिकाणी धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही मज्जाव करता येणार नाही. १ जून १९५५ पासून अंमलात आलेला अस्पृश्यता (अपराध) अधिनियम, म्हणजे १९७६ नंतरचा नागरी हक्क संरक्षण अधिनियम, याहून तपशिलात जातो. त्यात हॉटेलाबरोबर धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना हे शब्द नावानिशी आहेत. तिथली भांडी वापरण्याचा हक्कही आहे. ‘हॉटेल’ या शब्दात लॉज, बोर्डिंग आणि कॉफीचे दुकानही येते, अशी व्याख्या कायद्याने करून ठेवली आहे. कायद्याची भाषा रुक्ष असते असा साहित्याच्या अभ्यासकांचा समज असतो. पण उत्तर आणि दक्षिण हिंदुस्थानात माणसाला रात्रीपुरता थारा देणाऱ्या जवळजवळ प्रत्येक जागेचे नाव आठवून आठवून लिहिणारा हा मजकूर वाचताना, यांतल्या प्रत्येक दारावरून कोण कोण परत गेले असेल, याची जाणीव झाल्यावाचून राहत नाही.

कायदा झाल्यावर व्यवहार कितपत बदलला? मराठवाड्यातल्या जुन्या लॉजच्या वह्या कुणी जपून ठेवलेल्या नाहीत. वर्ष संपले की त्या रद्दीत जातात. म्हणून इथे साहित्य हेच इतिहासाचे साधन ठरते. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहाच्या शीर्षककथेत रेल्वेत नोकरी लागून परगावी गेलेला निवेदक आपली जात झाकून सहकाऱ्याच्या आसऱ्याला राहतो, आणि ती उघड होताच मार खातो. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) तर आपल्या विषयाच्या अगदी दाराशी येते. टेलिफोन खात्यातल्या नोकरीनिमित्त अहमदपूर आणि लातूर येथे राहावे लागले, तेव्हा भाड्याची जागा शोधताना जातीचा प्रश्न कसा आडवा आला हे त्यात आहे. हातात सरकारी नोकरी आहे, पगार आहे, भाडे देण्याची तयारी आहे, आणि तरीही बडोद्याची ती वही समोर उघडी आहे. दोन्हींमध्ये साठ वर्षांच्या आसपासचे अंतर आणि एक राज्यघटना आहे. या लेखनाकडे केवळ वेदनेचा उद्गार म्हणून पाहिले तर त्यातला हा दस्तऐवजी ऐवज आपल्या हातून निसटतो.

नाते आणि पैसा यांखेरीज तिसरा एक मार्ग नांदेडला आहे आणि त्याची नोंद घेतल्याशिवाय हा आढावा अपुरा राहील. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजी बादशहा बहादूरशहाच्या छावणीबरोबर दक्षिणेत आले आणि गोदाकाठी नांदेडला त्यांचा अखेरचा मुक्काम झाला. या गावाची जगभरची ओळख अशा प्रकारे एका प्रवाशाच्या मुक्कामातून निर्माण झाली आहे. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात सचखंड हजूर साहिबची वास्तू बांधवली. अमृतसरहून सुमारे दोन हजार किलोमीटर चालून सचखंड एक्सप्रेस इथे येते, आणि तिच्यातून उतरणाऱ्याला ‘कुणाकडे’ हा प्रश्न पडत नाही. गुरुद्वाऱ्याची यात्री निवासे आहेत, लंगर आहे. लंगराच्या पंगतीत जात विचारायची नाही हा शीख परंपरेचा मूळ दंडक आहे. २००८ साली गुरुता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त नांदेडचे रस्ते, विमानतळ, घाट यांचे रूप पालटले, आणि यात्री निवासांबरोबर खासगी हॉटेलेही मोठ्या संख्येने उभी राहिली. एका रस्त्यावर यात्री निवास, दुसऱ्या रस्त्यावर तारांकित म्हणवणारे हॉटेल, बसस्थानकाजवळ जुने लॉज असे मुक्कामाचे तीन काळ आज या शहरात शेजारी शेजारी नांदतात. अर्थात इथेही श्रद्धेचे नाते आहेच. परंतु जन्माने मिळालेल्या नात्यापेक्षा ते वेगळे आहे, कारण डोके झाकून आत येणाऱ्या कुणालाही पंगतीत बसता येते.

लातूरने मुक्कामाचा निराळाच प्रकार निर्माण केला. १९८२ साली तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातून लातूर वेगळा जिल्हा झाला. पुढच्या काळात राजर्षी शाहू महाविद्यालयाच्या आणि इतर संस्थांच्या निकालांमुळे ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द महाराष्ट्रभर पसरला. त्यामागोमाग आली ती ‘रूम’. मराठीत खोली आणि रूम हे समानार्थी शब्द राहिलेले नाहीत. खोली घरात असते. रूम म्हणजे परगावच्या मुलाने दोन वर्षांसाठी घेतलेली कॉटभर जागा, तिच्याबरोबर मेसचा डबा आणि भिंतीवर वेळापत्रक. बापाने सोयाबीनच्या पट्टीतून अनामत भरायची आणि मुलाने डॉक्टर होऊन ती फेडायची, असा हा अलिखित करार असतो. आडतीच्या ओट्यावर झोपणाऱ्या शेतकऱ्याचा नातू त्याच गावात आता भाडेकरू म्हणून राहतो. चोखामेळा धर्मशाळेचे वसतिगृह झाले तेव्हा जे स्थित्यंतर सुरू झाले, त्याचे बाजारातले रूप म्हणून या रूमकडे पाहता येईल. फरक इतकाच की वसतिगृहामागे एक सामाजिक निश्चय होता, आणि रूमचा दर मागणी-पुरवठा ठरवतो. त्या दराशी ज्याच्या बापाची ऐपत जुळत नाही, तो या पॅटर्नच्या बाहेरच राहतो.

ही रूम निवडताना लातुरात पाहायची एक गोष्ट इतर शहरांत सहसा पाहत नाहीत. तिथे आधी पाणी विचारतात. २०१६ च्या उन्हाळ्यात टंचाई इतकी तीव्र झाली की पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती मार्च महिन्यात जमावबंदी लावावी लागली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली. ज्या रेल्वेने शंभर वर्षांपूर्वी अनोळखी माणूस आणला होता, तिच्यावरच आता त्याच्या आंघोळीच्या पाण्याची जबाबदारी पडली. बोअरला पाणी आहे का, टँकरचे पैसे कुणी द्यायचे, हे प्रश्न तेव्हापासून भाड्याच्या बोलण्यात पक्के बसले आहेत.

आज खोली मोबाइलवर निवडता येते. छायाचित्रे दिसतात, दर दिसतो, आधीच्या पाहुण्यांचे शेरे वाचता येतात. निवड करताना आपण स्वतःच निवडणारे आहोत असे वाटते. प्रत्यक्ष काउंटरवर ओळखपत्र पुढे केले की बाजू उलटते आणि निवडले जाण्याची पाळी आपल्यावर येते. सुरक्षेसाठी ओळख पटवणे आवश्यक आहे यात वाद नाही. परंतु त्या कार्डावर नावाबरोबर आडनाव असते, गाव असते, धर्म ओळखू येतो. एकट्या आलेल्या स्त्रीला, लग्न न झालेल्या जोडप्याला, विशिष्ट आडनावाच्या किंवा विशिष्ट धर्माच्या माणसाला ‘आज रूम शिल्लक नाही’ असे अत्यंत नम्रपणे सांगता येते, आणि बडोद्याच्या त्या दोन मित्रांची सभ्य भाषा आठवते. नकार देणाऱ्याला आता काठी लागत नाही. म्हणून तो सिद्ध करणेही अवघड झाले आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी इथे एक काम पडून आहे. आत्मकथने, कथा, पत्रव्यवहार यांतले मुक्कामाचे उल्लेख एकत्र करून वाचायला हवेत. मोठ्या प्रसंगांच्या मध्ये दडलेली ‘त्या रात्री कुठे झोपलो’ ही वाक्ये बहुधा आपण ओलांडून जातो. जी माणसे लिहिणार नाहीत त्यांना विचारायलाही हवे. आपल्या घरातल्या, वस्तीतल्या वयस्कर माणसांना एवढेच विचारावे : ‘तुम्ही पहिल्यांदा नांदेडला किंवा लातूरला आलात, तेव्हा कुठे उतरलात?’ काहींना त्या घराचा पत्ता, त्या आडत्याचे नाव, त्या रात्रीची भाजीसुद्धा आठवेल. काही जण ‘उतरलो नाही, रात्रीच परत फिरलो’ असे सांगतील. ही दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी लिहून ठेवली जात नाहीत, तोवर आपल्या शहरांचा इतिहास तिथे ज्यांना जागा मिळाली त्यांच्यापुरताच राहील.